माळकरणीची बंदूक

"हॅलो?… हॅलो… हो, धुळंच. धुळं, धुळं… रतिलालशेठची वखार. कोण पाहिजे?… पंडितमास्तर? मीच तो… म्हणजे मास्तर होतो, आता नाही. बरं, द्या. द्या जोडून."

पंडितनानांनी रिसीव्हर कानापासून चार बोटं लांब धरला. टेलिफोन या वस्तूशी त्यांचं कधी जमलंच नव्हतं. पुस्तक कसं, आपण हळू वाचलं तर हळू बोलतं, आणि नकोसं झालं तर मिटून ठेवता येतं. इथे पलीकडचा माणूस सरळ कानात ओरडणार, आणि आपण भरल्या वखारीत चारचौघांदेखत उलट ओरडायचं. समोर शेंगांच्या पोत्यांच्या थप्प्या, हमालांची ये-जा, काट्यापाशी रतिलालशेठ, आणि गादीवर लोडाला टेकून, बशीत चहा ओतून घेत, मोतीलाल वकील. वकील या फोनसाठीच येऊन बसले होते. खानदेश बंदूक परवानेदार संघाची पहिली सभा आज संध्याकाळी धुळ्यात भरायची होती. वकील संघाचे चिटणीस. सभासदांची नावं सभेत मोठ्याने वाचायची, आणि त्यात एक नाव त्यांना फार हवं होतं. ते नाव नानांच्या थोरल्या बहिणीचं होतं.

"अक्का?… तूच का गं?… आवाज ओळखू येईना. पुरुषासारखा… नाही, नाही, तुला पुरुष नाही म्हणत, तारेतून असं होतं… मी बराय. तू?… ओरडू? ओरडतोच आहे की… आणखी? अगं, इथं माणसं बसलीयत…

"जळगावला कधी आलीस?… गाडीबैलाने? आणि कुठून बोलतेयस?… कापसाच्या जिनच्या हापिसातून. कचेरीसमोरच्या ना? कौतिकभाऊ आहे ना सोबत? बरं झालं, दीर सोबत असला की काळजी नाही… का? काय केलं त्याने?… बरं, ते मग सांग.

"आज?… आज बोलावलंय साहेबाने? मी आपला पुढच्या आठवड्याच्या हिशेबात होतो. नवा साहेब ना हा?… हो, हो… पुकारा कधी व्हायचा?… जेवणवेळेनंतर. म्हणजे आहे अजून वेळ. घाबरू नकोस… तू नाही घाबरलीस. बरोबर. मी घाबरलोय."

वच्छलाबाईंचा केळीचा मळा सावद्याच्या पलीकडे, तापीच्या काठाला. नदीच्या बाजूला नुसत्या घळी, आणि घळींत रानडुकरांचा मुक्काम. दिवस मावळला की ती वर येत आणि केळीचे कंद उकरून टाकत. एकेका ओळीचा नांगरट केल्यासारखा सत्यानाश. म्हणून वच्छलाबाईंच्या यजमानांनी ठासणीची बंदूक घेतली होती. ते गेले, तेव्हा नानांनी कायद्याचं पुस्तक आणून, वाचून, दोनदा खाडाखोड करून अर्ज लिहिला आणि परवाना बहिणीच्या नावावर करून घेतला. अख्ख्या तालुक्यात बाईमाणसाच्या नावावर तेवढी एकच बंदूक. आता त्याच परवान्याचं नूतनीकरण अडलं होतं.

"कारकुनाने काय विचारलं?… वर्षात किती डुकरं मारली?… मग तू काय सांगितलंस?… एकही नाही!… अक्का, अगं… नाही, खोटं सांग असं नाही म्हणत मी. खरंच आहे ते. पण असं एकदम तोंडावर…

"मग तो काय म्हणाला?… 'मग काय बाई, दसऱ्याला पूजेपुरती ठेवलीय का?'… फाजील आहे मेला. तू ऐकून घेतलंस?… काय म्हणालीस?… 'तुमच्या तोंडाचा पट्टासुद्धा आवाजच करतो, त्यानंही कोणी मरत नाही'… अक्का! कचेरीत असं बोलतात का?… हसले? कोण हसलं?… पट्टेवाला हसला ना, साहेब नाही ना?… बरं."

नानांनाही हसू आलं, पण वकिलांचं लक्ष आहे हे पाहून त्यांनी ते मिशीत दाबलं.

गोष्ट खरी होती. त्या बंदुकीने गेल्या कित्येक वर्षांत चिमणीसुद्धा मेली नव्हती. दाजींनी, म्हणजे वच्छलाबाईंच्या यजमानांनी, बंदूक घेतली आणि पुढे गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली म्हणजे जीव घ्यायचा नाही. बंदूक विकावी तर मळा जातो, ठेवावी तर माळ जाते. त्यांनी बुवांना विचारलं. बुवा म्हणाले, "देवाने तुला आवाज काढायला मनाई केलीय का?" त्या दिवशी दाजींनी छर्ऱ्यांची पिशवी विहिरीत टाकली. तेव्हापासून नळीत फक्त दारू आणि वर चिंध्यांचा बोळा. रात्री मळ्यातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसायचं, खसफस झाली की बार काढायचा. डुकरं जी उधळत ती घळीत. एकाच जागेवरून बार काढला की जनावर सोकावतं, म्हणून आज नदीच्या बाजूने, उद्या विहिरीच्या, परवा आंब्याखालून. दाजींच्या मागे वच्छलाबाईंनी तोच नेम चालवला होता. माळ त्यांच्याही गळ्यात होती.

"हॅलो?… हो, ऐकतोय… काय लागेल म्हणाला?… शेपट्या. हो, तो नियमच आहे, मारलेल्या जनावराची शेपटी दाखवायची… हो… हो… पिशवी?… कसली पिशवी?… कौतिकभाऊकडे? कुणी दिली?…

"अस्सं. वकीलसाहेबांनी पाठवली."

नानांनी गादीकडे पाहिलं. वकिलांनी मान डोलावली. सगळं ठीक आहे, काळजी नको, अशी.

"हो, इथंच आहेत ते. चहा घेतायत… नाही, त्यांना ऐकू जात नाही… म्हणजे तुझं जात नाही. माझं जातं… हो, म्हणूनच हळू बोलत होतो… बरं, बरं, ओरडतो.

"म्हणजे असं ना, संघाची सभासद झालीस तर शेपट्यांची सोय संघ करणार. ती पिशवी साहेबापुढे ठेवायची, की परवाना मिळाला… कौतिकभाऊ काय म्हणतो?… 'सगळेच करतात.' हं… आणि तुझं काय मत?… माझं? अगं, मळा तुझा, बंदूक तुझी, मी काय… नाही, टाळत नाहीये मी."

नाना टाळतच होते. पण त्यांच्या मनात खरोखर दोन्ही बाजू उभ्या होत्या, आणि दोन्ही त्यांना पटत होत्या. ही त्यांची जन्माची खोड. वर्गात पोरांनी 'मग गुर्जी, खरं कोणाचं?' असं विचारलं की नाना फळा पुसायला लागत.

"अक्का, ऐक ना… अगं ऐक तर. संघ वाईट नाही. बेचाळीसच्या गडबडीत लोकांच्या बंदुका जमा करून घेतल्या. परत आल्या तेव्हा कुणाच्या नळीला गंज, कुणाचा दस्ता फुटलेला. विचारलं कोणी?… एकेकट्याने काय विचारणार? साहेबासमोर माणूस एकटा उभा राहिला की पागोटं हातात आणि शब्द घशात. कुणाचा परवाना का नाकारला ते सांगतसुद्धा नाहीत. बंदूक काय चैनीसाठी आहे का शेतकऱ्याला?… तेच तर. दहा जणांनी मिळून विचारलं तर निदान उत्तर तरी द्यावं लागेल. म्हणून तर मी त्यांचं निवेदन लिहून दिलं… हो, मीच लिहिलं. सगळं… चांगलं झालंय म्हणतात. म्हणजे वकीलसाहेब म्हणतात.

"आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर… हो, तेही खरंय. संघात शिकारी मंडळी आहेत. मोटारीतून येतात, शेतातून गाडी घालतात… हो, माहीत आहे, तुझ्या हरभऱ्यातून गेली होती… ओळखलंस? तोच? तो उपाध्यक्ष आहे, अक्का… नाही, हसण्यासारखं नाही ते. खरंच आहे.

"अहो एक्स्चेंज, थांबा, थांबा, तोडू नका! चालू ठेवा… हो, आणखी… हॅलो? अक्का?… गेलीस का?… आहेस. हां."

एवढ्यात उखर्डू हमाल पाठीवरचं पोतं धाडकन थप्पीवर टाकून पुढच्याला हाळी देऊ लागला.

"उखर्डूभाऊ, जरासा दम खा ना भो! माले काहीच ऐकू येत नही… तुला नाही गं, इथं हमालाला… हो, बोल.

"माझं कलम?… कुठलं कलम?… हो, लिहिलं होतं मी. तुला कुणी सांगितलं?… मीच? दिवाळीत?… बरोबर. 'जनावर न मारता नुसत्या आवाजाने पीक राखणारा परवानेदारही परवानेदारच समजावा, आणि त्याजकडे शेपट्या मागू नयेत.'… हो. तुझ्यासाठीच लिहिलं होतं… आता?…

"आता ते नाहीये त्यात… नाहीये… अक्का, गाळलं ते."

नानांनी हे इतकं हळू सांगितलं की तारेलाही पुरलं नाही.

"गाळलं! गा… ळ… लं!… परवा… वकीलसाहेबांनी. म्हणजे सगळ्यांच्या मतेच. असा परवानेदार अख्ख्या खानदेशात एकच, एकासाठी कलम कशाला, असं म्हणाले… मी? मी काय म्हणालो?…

"मी काही म्हणालो नाही.

"… हॅलो?… अक्का?… आहेस ना?… बोल की काहीतरी. रागव तरी."

पण वच्छलाबाई रागावल्या नाहीत. नानांना ते जास्त लागलं. परवा बैठकीत वकिलांनी त्या ओळीवरून पेन्सिल फिरवली, तेव्हा ते शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा काढला होता, पुसला होता आणि परत घातला होता. विरोध म्हणून त्यांच्या हातून इतकंच घडलं होतं.

"अगं, माझा स्वभाव तुला… हो. माहीतच आहे तुला… बरं, मी काय म्हणतो, आता वेळ थोडा आहे. आत्ता वाद कशाला? पिशवी ठेव साहेबापुढे. या वर्षापुरतं. केळी निसवलीय तुझी, घड बाहेर पडतायत, ऐन वेळी बंदूक गेली तर डुकरं एक खोड ठेवायची नाहीत. व्यवहार म्हणून… म्हणजे असं माझं आपलं मत. सगळेच तसं करतात तर…

"हात लावणार नाहीस?… माळेमुळे. हो गं, तू नको लावूस. कौतिकभाऊ ठेवेल… कुठे ठेवलीय आत्ता?… खिडकीच्या गजाला टांगली? बाहेरून? का?… कुत्रं बसलंय खाली? हलत नाही?… आणि मुनीम धोतराचा सोगा नाकाला लावून बसलाय… बिचारा. वास मारणारच गं, मांसच ते शेवटी.

"मांसाचा नाही? मग कसला?…

"… जळक्या केसांचा?"

नाना स्टुलावरून उठले.

"अक्का, नीट सांग. जळक्या केसांचा?… कौतिकभाऊ काय म्हणतो?… कीड लागू नये म्हणून धुरी दिली असेल?… थांब. थांब जरा. मला आठवू दे."

आठवायला वेळ लागला नाही. मागच्या महिन्यात वकिलांबरोबर ते इथल्या कचेरीत कागदांच्या नकला करायला गेले होते. मागच्या पडवीत एक शिपाई शेगडी घेऊन बसला होता. मोजून झालेल्या एकेका शेपटीच्या टोकाला तो तापलेली सळई लावी; चर्र होई आणि बाजूला टाकी. तीच शेपटी कोणी दुसऱ्यांदा आणून दाखवू नये, म्हणून. नानांना त्या वासाने दिवसभर अन्न गेलं नव्हतं. जळगावला डागण्याची रीत नव्हती. तिकडे मोजलेल्या शेपट्या पुरून टाकत. म्हणून कौतिकसारख्या पुष्कळ पावसाळे पाहिलेल्या माणसालाही काही कळलं नव्हतं. तो आपला धुरी धरून बसला होता. कचेरीतल्या साहेबाला मात्र ती टोकं बघताच कळलं असतं.

गादीवर वकिलांच्या हातातली बशी ओठांपाशी जाऊन थांबली होती.

"अक्का, कौतिकभाऊला म्हणावं, पिशवी उघड… उघड म्हणावं, मी सांगतोय. मुनिमाला म्हणावं जरा बाहेर जा… कुत्र्याला हाकल आधी. आणि शेपट्यांची टोकं बघ. टोकं! शेवटचे केस असतात ना, गोंड्यासारखे, ते आहेत का, का जळून गाठ झालीय?… बघ म्हणावं, मी धरतो फोन…

"झाली?… गाठ झालीय… सगळ्यांची?… एकूण एक?"

समोर वकील, ज्यांनी नानांच्या लेखनाची चारचौघांत वाहवा केली, निवृत्तीनंतर ज्यांच्या बैठकीत त्यांना कोणी 'या नाना' म्हणालं. त्यांच्या तोंडावर त्यांचं उणं काढायचं म्हणजे जिभेला टाचणी टोचल्यासारखं होतं. कानात सांगता आलं असतं तर नानांनी कानातच सांगितलं असतं.

"अक्का, त्या शेपट्या दाखवू नकोस… दाखवू नकोस म्हणतो… काय?… ऐकू येत नाही?…

"अक्का! त्या शेपट्या धुळ्याच्या कचेरीत आधीच मोजून झाल्यात! डागलेल्या आहेत त्या! साहेबाला दाखवू नकोस!"

उखर्डू पोतं पाठीवर घेऊन वाकल्या वाकल्याच थांबला. रतिलालशेठने काट्याचं वजन हातातच धरलं. आपल्या आवाजाला छताच्या पत्र्यापर्यंत जाता येतं हे नानांना उतारवयात कळत होतं.

"हो!… हो, खोट्याच… परवाना तर गेलाच असता, वर फसवणुकीचा खटला. आणि नाव कुणाचं? तुझं. हातात पिशवी कुणाच्या? कौतिकभाऊच्या… नको, त्याला बोलू नकोस. त्याला काय ठाऊक. भला माणूस आहे, तुझ्यासाठीच पायपीट केली त्याने… रडतोय? कौतिकभाऊ? अगं, समजूत घाल त्याची. म्हणावं, वेळेवर कळलं ना, मग झालं.

"थांब, वकीलसाहेब काहीतरी सांगतायत… ते म्हणतात, ही पिशवी त्यांना एका सभासदाने दिली. त्यांनी उघडून पाहिली नाही…

"हं… विचारू?… मी?… बरं, विचारतो. वकीलसाहेब, अक्का विचारते, न बघता घेतलेली वस्तू तुम्ही तुमच्या बहिणीच्या हाती दिली असती का?…"

वकिलांनी बशी खाली ठेवली. थोडा वेळ ते गादीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले. मग बोलू लागले ते खालच्या आवाजात, कोर्टात बोलत तसं नाही. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, ते नाही म्हणतात. दिली नसती म्हणतात… आणि म्हणतात, चूक झाली. पण हेही म्हणतात, की डोंगराकाठच्या किती गरिबांच्या बंदुका अशाच राहिल्यात. वर्षात डुक्कर आलंच नाही तरी साहेब शेपटी मागतो, मग माणूस उसनी आणतो. नाहीतर बंदूक जाते, आणि पुढच्या वर्षी डुक्कर येतंच… हे खोटं नाही गं. मीही पाहिलंय… हो, तेच म्हणतोय मी. मग नियम बदला म्हणून सांगायचं, का शेपट्यांची देवाणघेवाण करायची? हे त्या कलमात होतं. तेच होतं, अक्का, तुझ्या एकटीचं नव्हतं ते. मला तेव्हा कळलं नाही. मला आपलं वाटलं, बहिणीसाठी लिहिलं म्हणजे लबाडीच झाली.

"बरं, आता तू काय करणार?… रिकाम्या हाताने जाणार. आणि साहेबाला काय सांगणार?… 'एक रात्र माळ्यावर येऊन बसा आणि ऐका'… येईल तो?… नाही आला तर?… आणि बंदूक ठेवून घेतली तर?…

"हं.

"नाही, रडत नाहीये. धूळ आहे वखारीत.

"संघाला? 'नको' म्हणून सांगू?… बरं. सांगतो… हो, आत्ताच… अक्का, थांब. ठेवू नकोस. एक मिनिट.

"नको म्हणू नकोस. तू सभासद हो… हो, मीच बोलतोय, पंडितच… ऐक तर. ते कलम का गाळलं? म्हणाले, असा माणूस एकच, आणि तोही इथे नाही. तू आत आलीस की ती ओळ खोडताना निदान तुझ्याकडे बघावं तरी लागेल. तू बाहेर राहिलीस तर संघ पिशवीवाल्यांचाच होणार. वाईट एवढ्याचंच वाटतं, कारण गरज आहे गं त्याची. खरी गरज आहे. आज तू त्या कचेरीत एकटी जाणार आहेस; तुझ्या शेजारी कोणीतरी उभं असायला हवं होतं. संघ त्याच्यासाठी असतो. शेपट्या पुरवायला नसतो… असं माझं आपलं… नाही. आपलं-बिपलं काही नाही. असं माझं मत आहे.

"काय झालं? हसतेस का?… नाही, कोणी शिकवलं नाही… हो, सगळे ऐकतायत. उखर्डूसुद्धा. त्याने पोतं अजून खाली ठेवलं नाही… उखर्डूभाऊ, ठेव ना भो ते खाले!…

"ठराव मांडायचा? परत? आज सभेत?… कोण?… अक्का, मी परवानेदार नाही. मला बंदूक धरतासुद्धा येत नाही. मला बोलू देणार नाहीत. आणि दिलं तरी मी तिथं उभा राहिलो की… आत्ता बोललो ते वेगळं, ते फोनमुळे. तूच ओरडायला लावलंस… तिथं फोन नसणार ना!… अगं, पण…

"काय?… वकीलसाहेबांना? आत्ता?… काय बोलणार आहेस तू त्यांच्याशी?… बरं, बरं, देतो. पुकारा होईल तुझा, लवकर आटप… वकीलसाहेब, घ्या. अक्काला तुमच्याशी बोलायचंय."

मोतीलाल वकील धोतर सावरत उठले आणि त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. नाना बाजूला सरले. आता त्यांना बहिणीचा आवाज येईना. नुसते वकिलांचे शब्द, आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा.

"नमस्कार, अक्का. मी मोतीलाल… हो… हो… नाही, तसं नाही… हो, तसंच… कबूल आहे. इथे सगळ्यांसमोर म्हणालो मी… पिशवी?… परत पाठवताय, कौतिकभाऊंबरोबर, दुपारच्या मोटारीने. बरं… सभेत?… सभेत कशाला उघडायची, अक्का, तिथे मोठी मोठी माणसं… बरं… नाही, बरोबर आहे तुमचं… उघडतो… हो, उपाध्यक्षांसमोरच.

"आणि?… पहिलाच ठराव… कोण, नाना मांडणार? ते तयार आहेत?…"

वकिलांनी वळून नानांकडे पाहिलं. नानांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. मग तो त्यांनी खाली घेतला, आणि मान हलवली. सभेत उभं राहून बोलता येईल की नाही ते त्यांना पुरतं ठाऊक नव्हतं. पण बहिणीने मागितलं होतं, आणि या वेळी त्यांना फळा पुसायचा नव्हता.

"हो म्हणतायत… हो, मान हलवली. मी पाहिली… बरं, अक्का, आता माझं ऐका. आज साहेबाकडे काही एक बोलू नका. फक्त तारीख मागा. म्हणावं, माझे वकील येणार आहेत… हो, मीच. मी स्वतः येईन… नाही, नाही, फीचं काही नाही, संघातर्फे येईन… हो, काळा कोट घालून… कशाला?… आदल्या रात्री?… तुमच्या मळ्यात?… माळ्यावर?… अक्का, युक्तिवादाला त्याची काही जरूर नसते… हो, ऐकल्याशिवाय कसं सांगणार, ते बरोबर… नाही, डुकराला भीत नाही मी, पण शिडी… बरं. बसतो… हो, रात्रभर… नानांनाही घेऊन? घेऊन येतो."

काट्यापाशी रतिलालशेठ पोट धरून हसत होते. नाना हसले नाहीत. त्यांचे ओठ पुटपुटत होते. कलमाचे शब्द ते मनात जुळवून पाहत होते, एकदा सावकाश, एकदा मोठ्याने म्हटल्यासारखे.

"मग नाव घालू ना तुमचं?… अक्का? सभासदांत नाव घालू ना?… हॅलो?… पुकारा झाला? कुणाचा, तुमचा?… जा, जा, पण तेवढं सांगून… हॅलो?… हॅलो, अक्का?…"

वकिलांनी रिसीव्हर हलवून पाहिला. नानांनी तो त्यांच्या हातातून घेतला, कानाला लावला. नुसती तारेची घूं घूं येत होती. त्यांनी तो जागेवर ठेवला.

"घाला नाव," ते म्हणाले. "पण माझा ठराव पास झाल्यावर वाचा. त्याआधी नको."